भेगेची चाल

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत चारठाणा हें गांव हेमाडपंती देवळांसाठीं प्रसिद्ध आहे. चुन्याच्या आधाराविना एकावर एक बसविलेले काळे चिरे तेथें शतकानुशतकें भार वाहत आले आहेत. अशा वास्तूच्या दगडी तुळईवर एखादी बारीक भेग आढळली, म्हणजे जाणकारापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं ही भेग मेलेली आहे कीं जिवंत?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची जुनी रीत फार साधी होती. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी घट्ट चिकटवावी व तिच्यावर तारीख लिहावी. पट्टी तडकली, तर भेग हलली. पण किती हलली, हें काच सांगत नाहीं. शिवाय मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते, आणि तिच्याबरोबर भिंतीची भेगही मिटते-उघडते. म्हणून भेगेच्या दोन्ही अंगांस खुंट्या बसवून त्यांमधील अंतर व्हर्नियर मापकानें महिन्यामहिन्यास मोजण्याची रीत पडली. निदान एका वर्षाचीं मापें हातीं आल्यावांचून ऋतूची हालचाल व खरी वाढ वेगळी करतां येत नाहीं.

परंतु भेग सावकाश वाढते ती कां? १९२० सालीं इंग्लंडांत ए. ए. ग्रिफिथ ह्यांनीं काचेवरील प्रयोगांनीं दाखविलें, कीं ठिसूळ पदार्थाचें बळ त्यांतील सूक्ष्म भेगांवर अवलंबून असतें. १९६७ सालीं अमेरिकेंत शेल्डन वीडरहॉर्न ह्यांनीं काचेच्या पट्टीवर ठराविक भार ठेवून, भेगेचें टोंक सूक्ष्मदर्शकांतून न्याहाळून तिचा वेग मोजला. भार तोच असतां हवेंतील ओलावा वाढला, कीं वेगही वाढे; कारण पाण्याचे रेणू ताणलेल्या टोंकाशीं जाऊन काचेचे बंध तोडतात. काळ्या पाषाणांतही ओलाव्यानें अशी मंद वाढ होते, असें पुढें आढळून आलें. सेकंदास मीटरचा एक अब्जांश ही चाल डोळ्यास दिसणारी नव्हे; पण ती अखंड चालली, तर वर्षाकांठीं भेग सुमारें ३ सेंटिमीटर पुढें जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें दगडी भिंतींची दुर्बळता मराठवाड्यास दाखवून दिली. भूकंपाचा आघात क्षणाचा असतो, भेगेचें काम मात्र वर्षानुवर्षें चालतें. वरून सिमेंट लिंपून झांकलेली भेग आंतून वाढूं शकते, आणि तारखेसह मोजलेली भेग वेळींच इशारा देते. छपराचें पाणी मुरूं न देणें आणि वहींत दरमहा एक आंकडा टिपून ठेवणें, इतकें केलें तरी जुन्या वास्तूचें पुष्कळसें रक्षण होतें.