वाटेकरी आणि वहिवाटदार

महाड-पोलादपूरकडच्या खोती गावांत, म्हणजे जिथे कुळांकडून वसूल करून सरकारात सारा भरायचं काम खोताकडे असे तिथे, मालकी आण्या-पैंत मोजली जायची. गाव सोळा आण्यांचा. त्यात कुणाची तक्षीम, म्हणजे वाटा, चार आण्यांची, कुणाची दीड आण्याची, आणि तीन-चार पिढ्या वाटण्या झाल्या की कुणाच्या हाती नुसत्या पै. एवढे वाटेकरी एकदम वसुलीला फिरले असते तर कुळांना खळ्यावर भात ठेवायलाही जागा उरली नसती. म्हणून पाळी लावलेली. ज्याची पाळी तो त्या साली वहिवाटदार खोत. सरकारला कबुलायत लिहून द्यायची त्यानेच, सारा भरायचा त्यानेच, आणि भातशेतीची अर्धेल (निम्मा वाटा), वरकस जमिनीची तिर्धेल (तिसरा हिस्सा) कुळाकडून उचलायचीही त्यानेच. उरलेल्या तक्षीमदारांचं काम एकच, हिशेब मागणं. तो वेळेवर मिळाला नाही की भाऊबंदकी कोर्टाची पायरी चढायची. कुळांचं म्हणणं मात्र कोणी विचारत नव्हतं. 1949 च्या कायद्याने खोती गेली, तक्षिमांचे तंटे त्यानंतरही काही काळ उरले.

वाटा अनेकांचा, कारभार एकाचा. मग ही भागीदारी म्हणायची का? भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 विचाराल तर नाही. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाला तीन गोष्टी लागतात: माणसामाणसांत करार, नफा वाटून घ्यायचा धंदा, आणि तो धंदा सगळ्यांनी किंवा सगळ्यांच्या वतीने एखाद्याने चालवणं. पाचवं कलम सांगतं की भागीदारी करारातून येते, जन्माने मिळालेल्या नात्यातून नाही. सहावं त्याहून स्पष्ट आहे. सामाईक मालमत्तेचं उत्पन्न वाटून घेतलं एवढ्यावर कोणी भागीदार होत नाही. म्हणजे खोत भाऊबंद भागीदार नव्हेत, आणि अर्धेलीने शेत कसणारं कूळ तर नाहीच नाही. पोलादपूरच्या चाकरमान्यांनी गिरणगावात वर्गणी काढून घेतलेली गावकीची खोलीही यात बसत नाही, कारण तिथे वळकट्या टाकून झोपायचं होतं, नफा कमवायचा नव्हता.

ही व्याख्या इतकी अरुंद का, हे पाहायला मागे जावं लागतं. आपल्याकडे एकत्र धंद्याला जुनं नाव आहे संभूयसमुत्थान, आणि स्मृतींनी मांडलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी, म्हणजे दाव्यांच्या विषयांपैकी, ते एक. मनूने त्याचे नियम सांगितले ते यज्ञातल्या ऋत्विजांच्या दक्षिणेवरून. व्यापाऱ्याला त्यात फारसा भाव नाही. याज्ञवल्क्य आणि नारद मात्र सरळ वाण्यांच्या पेढीत शिरतात. याज्ञवल्क्याच्या मते नफा-तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणे, नाहीतर ठरावाप्रमाणे. कोणी मना केलेलं, न सांगितलेलं किंवा गाफीलपणाने काही करून नुकसान केलं तर ते त्याने भरून द्यायचं. संकटातून माल वाचवला तर त्याला दहावा हिस्सा. लबाड वाटेकऱ्याला नफा न देता घालवायचं. ज्याला काम झेपत नाही त्याने बदली माणूस द्यावा. आणि शेवटी तो म्हणतो, हेच नियम ऋत्विज, शेतकरी आणि कारागिरांनाही लावा. कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरी असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यावर मिताक्षरा लिहिली आणि मराठी मुलखात हिंदू कायदा म्हणून पुढे तीच चालली. शेतकऱ्याला आत घेणारा तो दरवाजा इंग्रजी कायद्याने बंद केला. मला याची खंत वाटते, पण कारण समजण्यासारखं आहे. त्या कायद्यापुढचा प्रश्नच वेगळा होता. वाटा कोणाला, हा वाटेकऱ्यांचा आपसातला मामला. कायद्याला पडलेला प्रश्न असा की बाहेरच्या सावकाराने पैसे मागायचे कोणाकडे?

1793 साली जहाजी एजंटांच्या एका खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने सोपं उत्तर दिलं होतं: ज्याने नफ्यात हात घातला त्याने कर्जातही घालावा. साठ-सत्तर वर्षं हाच नियम चालला. मग कॉक्स विरुद्ध हिकमन हा खटला आला. लोखंडाचा कारखाना चालवणारी स्मिथ पेढी कर्जात बुडाली. सावकारांनी ती मोडली नाही. विश्वस्त नेमले, कारखाना चालू ठेवला आणि मिळकतीतून आपलं येणं फेडून घ्यायचं ठरवलं. विश्वस्तांच्या यादीत कॉक्सचं नाव होतं, पण त्याने कारभाराला कधी हातच लावला नाही. माल पुरवणाऱ्या हिकमनची हुंडी थकली तेव्हा त्याने कॉक्सला धरलं: नफा तुम्हा सावकारांच्या घशात जातोय, तेव्हा तुम्हीच भागीदार. खालच्या कोर्टांत हिकमनची सरशी झाली. 1860 मध्ये उमराव सभेने (हाउस ऑफ लॉर्ड्स) निकाल फिरवला. नफा मिळतो हा पुरावा झाला, कसोटी नव्हे. कारभार करणारा माणूस तुमच्या वतीने, तुमचा मुखत्यार म्हणून करत होता का, ही कसोटी.

आपल्याकडच्या 1872 च्या करार कायद्यात भागीदारीचं स्वतंत्र प्रकरण होतं, पण त्याची व्याख्या मालमत्ता, कष्ट किंवा कसब एकत्र आणणं आणि नफा वाटणं एवढ्यावरच थांबत होती. मुखत्यारीचा धागा व्याख्येतच ओवला तो 1932 च्या कायद्याने. म्हणून आज महाडच्या बाजारपेठेत दोघांच्या नावाने दुकान असेल आणि एकाने दुकानासाठी उधारीवर माल उचलला, तर दुसऱ्याच्या घरापर्यंत तगादा जातो. फर्म नोंदलेली नसेल तर तिला स्वतःची उधारी मात्र कोर्टात वसूल करता येत नाही. नोंदणीचा कंटाळा केलेल्या किती दुकानांना हे थकबाकीदाराच्या वकिलाकडूनच पहिल्यांदा कळत असेल!

भागीदारीऐवजी कंपनी काढली की हा तगादा घराच्या दाराबाहेर थांबतो. 1857 च्या कायद्याने हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारी आली. भागधारकाचं नुकसान त्याच्या भागापुरतं, पुढे नाही. आठ वर्षांत मुंबईने याचा रंग पाहिला. अमेरिकेतल्या यादवीने कापसाचा पैसा शहरात ओतला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, बॅकबे रेक्लमेशनचे शेअर गगनाला भिडले. युद्ध संपलं, 1 जुलै 1865 चा वायदे फेडायचा दिवस उजाडला आणि सगळं कोसळलं. बँक ऑफ बॉम्बे शेअरच्याच तारणावर पैसे देऊन बसली होती. त्यातली मोठाली कर्जं शेअर दलाल प्रेमचंद रायचंदांकडे गेली होती, आणि प्रेमचंद त्या बँकेच्या संचालकांपैकीच एक. 1868 मध्ये ती गुंडाळावी लागली. चौकशी आयोगाने इतर कारणांबरोबर संचालकांच्या हयगयीवरही बोट ठेवलं. भागधारक मर्यादित झाला, मग कारभाऱ्याला बांधायचं कशाने?

याचं उत्तर पुढे न्यायालयांच्या निकालांत सुटंसुटं येत राहिलं. सचोटी, काळजी, स्वहिताचा अडसर नको, गैरलाभ नको. ही सगळी कर्तव्यं कंपनी कायद्यात एका जागी लिहायला 2013 साल उजाडावं लागलं. ते कलम 166. त्यात भागधारकांच्या जोडीला कामगार, समाज आणि पर्यावरण आलं. बिरवाडीलगतच्या महाड एमआयडीसीत रसायनांचे कारखाने काळ-सावित्रीच्या खोऱ्यात उभे आहेत. तिथे राहणाऱ्याला तो शेवटचा शब्द वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

पण कारखान्याच्या बाबतीत आधी लागू पडतो तो कारखाना कायद्यातला दुसराच शब्द, भोगवटादार, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम ताबा असलेला माणूस. पूर्वी कंपन्या तिथे एखाद्या पगारी अधिकाऱ्याचं नाव घालून मोकळ्या होत. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीने ते बंद झालं. फर्म असेल तर भागीदारांपैकी एक, कंपनी असेल तर संचालकांपैकी एक. जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्का मारला: संचालकाखेरीज कोणी चालणार नाही, आणि नाव दिलं नाही तर निरीक्षक कोणत्याही संचालकाला धरू शकतो. 2020 च्या सुरक्षा संहितेत स्वतंत्र संचालक तेवढे वगळले आहेत. नोव्हेंबर 2023 मध्ये याच वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. अशा वेळी पोलीस आणि कारखाना निरीक्षक कागदांत आधी शोधतात ते भोगवटादाराचं नाव.

झेपत नसेल तर बदली माणूस द्यायची याज्ञवल्क्याची मुभा कलम 166 मध्ये नाही. संचालकाने आपलं पद दुसऱ्याच्या नावे करून दिलं तर ते हस्तांतर रद्दबातल. कर्तव्य मोडल्याचा दंड एक लाखापासून पाच लाखांपर्यंत. रसायनाच्या कारखानदाराला या रकमेने घाम फुटेल असं काही वाटत नाही.