चेक इंजिन लाइट लागली? लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका

बीएस-६ पेट्रोल कारच्या सायलेन्सर पाइपमध्ये सहसा दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. नंतरचा सेन्सर कन्व्हर्टर नीट काम करतोय का, ते बघतो.

लाइट लागली की स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि मोबाइलवर कोड वाचा.

- पी०१३५: सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. आधी फ्यूज आणि वायरिंग तपासा.
- पी०४२०: कन्व्हर्टर कमी पडतोय. पाइप कुठे लीक आहे का, ते आधी बघून घ्या.

कोकणातून कोल्हापूरला येताना गगनबावड्याच्या घाटात लाइट लुकलुकायला लागली, तर तो बहुतेक मिसफायर असतो. न जळलेलं पेट्रोल महागडा कन्व्हर्टर जाळू शकतं. गाडी सुरक्षित जागी थांबवा.