देखणा लॅपटॉप म्हणजे चैन का?

विद्यार्थ्याचा लॅपटॉप स्वस्त आणि दणकट असावा, दिसण्याचे पैसे कशाला मोजायचे, असं मानणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला मात्र लॅपटॉपचा इतिहास वाचताना गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्याला आपण आज 'लूक' म्हणतो, त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी हाताची नाहीतर खांद्याची अडचण सोडवताना जन्माला आलंय.

मुळात ही कल्पनाच शिकणाऱ्यांसाठी होती. १९७२ मध्ये अ‍ॅलन के यांनी 'डायनाबुक' नावाच्या संगणकाचं स्वप्न कागदावर मांडलं. वहीएवढा आकार, दोन किलोच्या आत वजन, किंमत ५०० डॉलरच्या आसपास, आणि वापरणार कोण, तर मुलं! तेव्हा तसं यंत्र बनवणं शक्यच नव्हतं.

१९८२ मध्ये 'ग्रिड कंपास' आला. बिल मॉगरिज यांनी त्याचा पडदा कीबोर्डवर मिटेल असा बसवला. प्रवासात पडदा जपायचा तर याहून सोपी युक्ती नाही. पण किंमत ८,१५० डॉलर! असलं यंत्र नासाच्या अंतराळयानात शोभायचं, आणि तिथे ते गेलंही. विद्यार्थ्याच्या दप्तरात कुठून येणार?

पुढे १९९१ मध्ये अ‍ॅपलच्या पॉवरबुकने कीबोर्ड मागे पडद्याकडे सरकवला आणि पुढे तळहात टेकायला जागा ठेवली. साधीच गोष्ट, पण आज कुठलाही लॅपटॉप उघडा, मांडणी तीच दिसेल.

विद्यार्थ्यांसाठी खरी उडी पडली ती १९९९ मध्ये. आयबुक निळ्या आणि नारिंगी रंगात आला, किंमत १,५९९ डॉलर. उचलायला चक्क कडी होती! वायरलेस इंटरनेटची सोयही घेता येत होती. ते दाखवायला स्टीव्ह जॉब्जने चालू आयबुक हुलाहूपच्या रिंगणातून आरपार नेला. पण वजन तीन किलो. २००१ मध्ये रंग गेले, कडी गेली आणि पांढरा, सुटसुटीत आयबुक आला. वजन सव्वादोन किलोच्या आत, किंमत १,२९९ डॉलरपासून. देखणा, मध्यम किमतीचा, कॉलेजात नेण्याजोगा लॅपटॉप म्हणतात तो हाच.

इथपर्यंत देखणेपणाने विद्यार्थ्याला काहीतरी दिलं होतं. २००८ च्या मॅकबुक एअरपासून हिशेब जरा बदलला. ऑफिसच्या पाकिटातून बाहेर काढलेला तो पातळ लॅपटॉप पाहून लोक थक्क झाले. पण त्या पातळपणासाठी सीडी ड्राइव्ह गेला, यूएसबीचं एकच तोंड उरलं आणि बॅटरी आत बंदिस्त झाली. वर किंमत १,७९९ डॉलर. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' हे नाव पुढे केलं, १,००० डॉलरच्या आत पातळ लॅपटॉप आणायचा बेत केला, आणि ही फॅशन मधल्या किमतीतही उतरली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी भाची यंदा इंजिनियरिंगला जातेय. तिला देखणा लॅपटॉप हवाय, तिच्या बाबांना ती चैन वाटते, आणि पंच म्हणून मला बसवलंय! मी दोघांना एवढंच सांगितलं की दिसण्यावर भांडू नका. हा देखणेपणा काय देतो आणि काय काढून घेतो, ते बघा. चार्जरसकट वजन किती? दिवसभराचे तास बॅटरीवर निघतील का? पेन ड्राइव्ह आणि प्रोजेक्टर जोडायला जागा आहे की वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागेल? आणि सगळ्यात महत्त्वाचं, रॅम वाढवता येते का? बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच कायमची बसवलेली असते. चार वर्षांच्या कोर्समध्ये तिसऱ्या वर्षी जड सॉफ्टवेअर आलं की तेव्हा काहीच करता येत नाही, आणि बापाला दुसऱ्यांदा खिशात हात घालावा लागतो.

हलकं वजन, चांगला कीबोर्ड आणि डोळ्यांना त्रास न देणारा पडदा यासाठी चार पैसे जास्त गेले तर ती चैन नव्हे. जी वस्तू रोज पाठीवर न्यायची आणि रात्री उशिरापर्यंत समोर ठेवायची, ती आवडती असलेली बरी. नुसत्या पातळपणासाठी मात्र रॅम आणि बॅटरीवर पाणी सोडू नये. पन्नास वर्षांपूर्वी के यांनी वजन आणि किंमत आधी ठरवली होती, झळाळीचा विचार नंतरचा. खरेदीला निघताना तोच क्रम ठेवावा, असं आपलं माझं मत.