व्यापाऱ्याचे आत्मार्पण : संत गोन्सालो गार्सिया

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव उच्चारताच नागासाकीच्या टेकडीवरील क्रूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ते स्वाभाविकच आहे. तथापि ५ फेब्रुवारी १५९७ या एका दिवसावरच दृष्टी खिळवून ठेवली, तर त्यांच्या आत्मार्पणाचा मोठा भाग नजरेआड राहतो. त्या दिवशी त्यांनी प्राण दिले. जीवन मात्र ते त्यापूर्वीच देऊन चुकले होते.

गोन्सालो मूळचे वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीयांच्या शाळेत ते शिकले आणि कोवळ्या वयातच फादर सेबॅस्तियन गोन्साल्विस यांच्यासमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली व सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती लांबणीवर पडत गेली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर ते व्यापारात शिरले. धंद्यात त्यांचा जम बसला, पूर्वेकडील बंदरांत ओळखी झाल्या. देवाच्या हाकेची वाट येथेच संपली, असे कोणासही वाटले असते.

परंतु मनिला येथे त्यांनी सारे सोडून फ्रान्सिस्कन संघाची वस्त्रे धारण केली. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे बंधू म्हणून. १५९३ साली फिलिपिन्सच्या राज्यपालांचे दूत म्हणून फादर पेद्रो बाउतिस्ता जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो यांना सोबत घेण्यात आले. धर्मशिक्षक असताना कमावलेली आणि बाजारपेठेत घासूनपुसून लख्ख झालेली ती भाषा आता सुवार्तेच्या कामी आली. क्योतो येथे फ्रान्सिस्कनांनी मठ उभारला, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवले. या साऱ्या कार्याची वाणी गोन्सालो होते.

मिशनऱ्यांना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम १५८७ मध्येच निघाला होता. त्याची अंमलबजावणी मात्र सैल होती. १५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले, त्यावरील माल जप्त झाला आणि मिशनऱ्यांमागून स्पेनचे सैनिक येतील, हा संशय बळावला. धरपकड झाली. क्योतोत चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर नागासाकीपर्यंतची वाटचाल. वाटेत आणखी दोघांची भर पडली. सव्वीस जणांपैकी सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक होते; सर्वांत धाकटा लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा. क्रुसांवर बांधून भाल्यांनी त्यांचा अंत करण्यात आला. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नव्हते आणि ज्या संघाने त्यांना आपलेसे केले, त्या दोन्ही संघांचे बंधू त्या टेकडीवर एका रांगेत होते.

या रक्तसाक्ष्यांना १६२७ साली धन्यवादित व १८६२ साली संत घोषित करण्यात आले. त्यांच्याच नावे नागासाकीत उभारलेल्या ओउरा चर्चमध्ये १८६५ साली, पिढ्यानपिढ्या गुप्तपणे श्रद्धा जपलेले जपानी ख्रिस्ती प्रकट झाले.

गोन्सालोंच्या आयुष्यातील लांबलेली प्रतीक्षा, हिशेबाच्या वह्या, परकी भाषा, यांपैकी काहीच वाया गेले नाही. आपल्या कुटुंबांनी हे ध्यानी घ्यावे. मिस्साबलीत भाकर व द्राक्षारस वेदीवर नेला जातो, तेव्हा शेत, नोकरी, दुकान आणि अपुरी राहिलेली स्वप्नेही त्यासोबत ठेवायची असतात. संपूर्ण जीवनाचे अर्पण ते हेच.