खुलताबाद : एका कबरीपलीकडचे गाव

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, वेरूळ लेण्यांजवळील पठारावर खुलताबाद हे तालुक्याचे छोटे गाव वसले आहे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा दिल्लीहून अनेक सूफी संत दख्खनमध्ये आले. त्यांपैकी बुऱ्हाणुद्दीन गरीब (निधन १३३७) आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी (निधन १३६९) यांचे दर्गे येथे आहेत. या दर्ग्यांमुळे गाव पूर्वी 'रौजा' म्हणून ओळखले जाई.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला. त्याच्या इच्छेनुसार जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली त्याची साधी कबर बांधण्यात आली. 'खुल्द-मकान' म्हणजे स्वर्गवासी, या त्याच्या मरणोत्तर बिरुदावरून गावाला आजचे नाव मिळाले. मलिक अंबर आणि पहिला निजाम यांच्या कबरीही येथेच आहेत.

त्याच गावात भद्रा मारुतीचे मंदिर आहे. येथील मारुती निद्रिस्त अवस्थेत आहे. श्रावणातील शनिवारी आणि हनुमान जयंतीला हजारो भाविक शहरातून रात्रभर पायी चालत दर्शनाला येतात. उरुसाला दर्ग्यांभोवती अशीच गर्दी लोटते. हार-फुले, प्रसाद आणि चहा विकणाऱ्यांचा संसार या दोन्ही गर्दींवर चालतो.

मार्च २०२५ मध्ये कबर हटविण्याच्या मागणीवरून वाद पेटला आणि येथे पोलीस बंदोबस्त वाढविण्यात आला. पाठोपाठ गावाचे नाव 'रत्नपूर' करण्याची मागणीही पुढे आली. चर्चा एका कबरीची होते. गावाची चूल मात्र येणाऱ्या प्रत्येक भाविकावर पेटते.