दोन मुले आणि बंद दरवाजा

१८९५ च्या जुलै महिन्यात लंडनच्या पूर्वेकडील प्लेस्टो या गोदीलगतच्या कामकरी वस्तीत रॉबर्ट कूम्ब्स या तेरा वर्षांच्या मुलाने आपल्या आईला भोसकून ठार केले. बाप जहाजावर नोकरीला; तो समुद्रापार होता. प्रेत खोलीत बंद करून रॉबर्ट व त्याचा बारा वर्षांचा भाऊ लॉर्ड्सच्या मैदानावर क्रिकेट पाहावयास गेले. नऊ-दहा दिवसांनी खुनाला वाचा फुटली, तेव्हा सारे शहर हादरले. वर्तमानपत्रांनी घरात सापडलेल्या पेनी-दोन पेनींच्या साहसकथांवर खापर फोडले.

सप्टेंबरात ओल्ड बेली येथे खटला उभा राहिला. बचाव होता वेडेपणाचा. त्याचे मोजमाप १८४३ च्या मॅक्नॉटन प्रकरणापासून ठरलेले होते: मनाच्या विकारामुळे आपण काय करतो, किंवा करतो ते गैर आहे, हे आरोपीला त्या क्षणी कळत नव्हते काय? रॉबर्टने सुरा आधीच विकत आणलेला होता. काटेकोर मापाने पाहता बचाव टिकणे कठीण. परंतु तुरुंगाच्या डॉक्टरने त्याच्या डोकेदुखीची व वेडाच्या झटक्यांची साक्ष दिली, आणि ज्यूरीने निकाल दिला, ‘दोषी, परंतु वेडा.’

ही शब्दयोजना विचित्र खरीच. १८८२ साली राणी व्हिक्टोरियावर गोळी झाडणारा इसम वेडेपणामुळे निर्दोष ठरला. राणीला ते रुचले नाही. म्हणून १८८३ च्या कायद्याने ‘निर्दोष’च्या जागी ‘दोषी’ हा शब्द घातला. फाशी टळली, पण शिक्षेला मुदत राहिली नाही. मर्जी असेपर्यंत ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात राहायचे.

मग अपील? कामगारांच्या दाव्यांची बाडे घेऊन कोर्टाचे जिने मी पुष्कळ चढलो आहे. अपिलात पहिल्या निकालात चूक काय झाली एवढेच बहुधा पाहतात. माणसाचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही. रॉबर्टला तर तेवढीही सोय नव्हती. इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय १९०७ च्या कायद्याने निघाले. पुढे १९१४ साली लॉर्डांच्या सभेने ठरविले की ‘दोषी, परंतु वेडा’ हा निकाल वस्तुतः निर्दोषत्वाचाच आहे, तेव्हा त्यावर अपील नाही. निर्दोष म्हणून अपील नाही, आणि वेडा म्हणून सुटका नाही! हे कोडे १९६४ च्या कायद्याने सुटले.

आता दुसरा मुलगा पाहा. १८७४ साली अमेरिकेत बोस्टन येथे जेसी पॉमरॉय या चौदा वर्षांच्या मुलावर चार वर्षांच्या बालकाच्या खुनाचा आरोप आला. याआधीही त्याने लहान मुलांना क्रूरपणे छळले होते. येथेही बचाव वेडेपणाचा. पण ज्यूरीने तो मानला नाही. खुनी ठरवून, वय पाहता दया करावी, अशी शिफारस मात्र केली. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १८७५ साली कायद्याच्या मुद्द्यांवरील हरकती फेटाळल्या. १८७६ साली गव्हर्नरने फाशी रद्द करून जन्मठेप दिली, तीही एकांत कोठडीत. सुमारे चाळीस वर्षे तो एकटाच होता. १९१७ साली त्याला इतर कैद्यांत मिसळू दिले. १९३२ साली तो कैदी म्हणूनच मेला.

रॉबर्ट मात्र ब्रॉडमूरमध्ये शिंपीकाम शिकला, बँडमध्ये वाजवू लागला. १९१२ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो सुटला. नंतर ऑस्ट्रेलियात गेला, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणावर त्याने जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेले आणि शौर्यपदक मिळविले. पुढे शेजारच्या एका मारहाण सोसणाऱ्या मुलाला त्याने आसरा दिला. १९४९ साली तो वारला.

दोघे सारखे होते असे मी म्हणत नाही. जेसीला ब्रॉडमूरमध्ये ठेवले असते तर तो सुधारला असता, हेही कोणाला सांगता येणार नाही. रॉबर्टच्या चांगुलपणाने त्याची आई परत आली नाही, हे तर उघडच आहे. माझे म्हणणे इतकेच: खटला एका क्षणाचा न्याय करतो, अपील त्या खटल्याचा, पण मूल वाढतच असते. रॉबर्टला पुन्हा पुन्हा पाहणारे डॉक्टर होते. जेसीच्या कोठडीचा दरवाजा लोटल्यावर तसे पाहण्याचे कोणावर बंधनच नव्हते.

मॅक्नॉटनचे माप आपल्याकडेही आले. १८६० च्या दंडसंहितेचे ८४ वे कलम त्याच धर्तीचे. आज ते भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम आहे. मात्र २०१५ च्या बाल न्याय कायद्यात एक शहाणपणाची तरतूद आहे. घोर गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे खटला चाललेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला फाशी नाही, सुटकेची आशा नसलेली जन्मठेपही नाही. आणि तो एकवीस वर्षांचा झाला की बाल न्यायालयाने तो सुधारला काय, हे पुन्हा तपासावयाचे असते.

अशा मुलाने भयंकर गुन्हा केला की ‘सोडू नका’ अशी हाक उठते. त्या हाकेमागचे दुःख खरे असते. तरीही एकविसाव्या वर्षी पुन्हा दरवाजा उघडून पाहण्याचे ते कलम हातचे जाऊ देऊ नये. आत कोण उभा आहे हे पाहिल्याशिवाय कसे कळणार?