करिबाच्या काठावर आठवलेलं आजोळ

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं होतं, "तू आफ्रिकेत फिरून आलीस ना, त्या सफारीवर लिही. सिंह-हत्ती येऊ देत. लोक आवडीने वाचतील." म्हणून मी आफ्रिकेवरच लिहायला बसले होते. पण लेख आपल्या शेवगाव-नेवाशाच्या काठाला येऊन लागला. हत्ती आहेत, पण थोडेच. मैत्रिणीने माफ करावं.

झांबिया आणि झिम्बाब्वे या दोन देशांच्या सीमेवर, झांबेझी नदीवर करिबा नावाचं धरण आहे. त्याच्या जलाशयाच्या दक्षिण काठाला मातुसाडोना हे राष्ट्रीय उद्यान लागतं. तिथे जीपपेक्षा होडीतून फिरण्यात जास्त मजा. संध्याकाळी काठाच्या ओल्या गवतावर हत्ती आणि म्हशी चरायला उतरतात. धरणाचं पाणी वर-खाली होतं, तशी दर वर्षी काठाला गवताची नवी पट्टी उघडी पडते. जंगल कोरडं पडलं तरी ही पट्टी हिरवी असते. पाणथळ जागेचं सगळं वैभव तिथे आहे. मात्र मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडांनी. धरण भरलं तेव्हा बुडालेल्या जंगलाची ती खोडं. साठ वर्षांनंतरही उभी आणि त्यांच्या टोकांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले.

मी फोटो काढला आणि नेटवर्क मिळाल्यावर आईला व्हॉट्सअॅपवर पाठवला. तिचा आवाजी निरोप आला, "आपल्या धरणात पण अशीच बाभळीची खोडं होती गं, पहिली दोन-चार वर्षं. मामा दाखवायचा, ती बघ आपल्या बांधावरची."

आई धरणग्रस्त गावातली आहे, हे मला माहीत होतं. पण ते "आईचं माहेर गोदाकाठचं" इतकंच. बांधावरच्या बाभळींबद्दल मी पंचेचाळिशीला आल्यावर पहिल्यांदा ऐकत होते, तेही हजारो किलोमीटरवरून.

सफारी हा शब्द स्वाहिली भाषेतला, मूळ अरबी 'सफर'वरून आलेला. आपल्या मराठीतली सफर तीच. त्या रात्री बोटीवर झोप लागेना, तेव्हा मी करिबाचा इतिहास वाचत बसले.

धरणाचं काम १९५५ मध्ये सुरू झालं. तेव्हा दोन्ही काठ ब्रिटिश सत्तेखाली होते आणि उत्तरेकडच्या तांब्याच्या खाणींना वीज हवी होती. १९५८ च्या अखेरीस पाणी अडवलं गेलं. १९६० मध्ये इंग्लंडच्या राजमातेच्या हस्ते उद्घाटन झालं. पाण्याखाली गेलेलं खोरं टोंगा लोकांचं होतं. वर्षातून दोनदा पीक घेणारी ती माणसं. पावसाळ्यात वरच्या रानात पेरायचं आणि पूर ओसरला की नदीकाठच्या गाळात. आपल्याकडे यालाच गाळपेर म्हणतात. सुमारे ५७,००० टोंगा लोकांना तिथून उठवलं गेलं. लॉरीत घालून कोरड्या, हलक्या जमिनींवर नेऊन सोडलं. सप्टेंबर १९५८ मध्ये हलायला नकार देणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आठ जण मेले.

पण जगाला करिबा माहीत झालं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. पाणी चढू लागलं तशी टेकड्यांची बेटं झाली आणि त्यांवर प्राणी अडकले. त्यांना वाचवण्यासाठी रूपर्ट फॉदरगिल या वनाधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली 'ऑपरेशन नोआ' सुरू झालं. १९६४ पर्यंत सहा हजारांवर प्राणी होड्यांतून किंवा पोहवत काठाला आणले गेले. हरणांचे पाय बांधायला दोर नको, कातडी कापते, म्हणून बायकांनी आपले जुने नायलॉनचे पायमोजे दान केले आणि त्यांच्या वेण्या घालून दोर केले. वाचवलेले पुष्कळ प्राणी मातुसाडोनाच्या बाजूला सोडले. आम्ही पाहिलेल्या हत्तींचे आजी-आजोबा कदाचित त्यांतलेच असतील.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वाटाड्याला विचारलं, तर तो टोंगाच निघाला. आधी प्राण्यांचीच गोष्ट त्याने सांगितली, कारण पाहुणे तेच विचारतात. मग पाण्याकडे हात करून म्हणाला, "आमची आजी त्या बाजूची. खालची." 'खालची' म्हणजे पाण्याखालची, हे समजायला मला क्षणभर लागला. माझीही आजी खालचीच, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. गावात कोणती आळी, किती घरं, देऊळ कुठे, काहीच ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर आधी नाथसागराचा कागदोपत्री इतिहास गोळा केला. तो मिळवायला सोपा आहे.

गोदावरीवर मोठं धरण बांधायची कल्पना हैदराबाद संस्थानच्या काळातली. तेव्हाची जागा खाली बीड जिल्ह्यात, जायकवाडी गावाजवळ होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पुन्हा पाहणी झाली आणि जागा सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला आली. वरून कालवे काढले तर जास्त दुष्काळी मुलूख भिजेल, असा हिशेब होता. जागा बदलली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२. जलाशयाला संत एकनाथांचं नाव मिळालं. आपल्या सहलीत सरांनी भिंतीवर उभं करून हेच आकडे वदवून घेतले होते, आणि आपलं सगळं लक्ष ज्ञानेश्वर उद्यानातल्या कारंज्यांकडे होतं.

भिंत पैठणला, पण पाणी आपल्या जिल्ह्यात. उत्तरेला पैठण-गंगापूर आणि दक्षिणेला शेवगाव-नेवासा, असं पार प्रवरासंगमापर्यंत ते पसरतं. एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळपास १०३ टीएमसी. बुडीत क्षेत्र सुमारे ३६,००० हेक्टर. इंजिनिअरची सवय म्हणून मी भागाकार केला. सरासरी खोली येते आठ मीटर. करिबाची तीसच्या घरात आहे. करिबा डोंगरांच्या खिंडीत अडवलेलं पाणी, तर आपलं सपाट रानावर पसरलेलं. एवढ्या पाण्यासाठी इतकी जमीन गेली ती म्हणूनच. आणि ती गोदाकाठची काळी जमीन, जिल्ह्यातली सर्वांत कसदार.

पक्षी येतात तेही याच उथळपणामुळे. पाणी ओसरलं की मैलोगणती चिखल उघडा पडतो. त्यात किडे, शिंपले, शेवाळ. रोहित पक्षी उथळ पाण्यातच पाय रोवून, चोच उलटी धरून खाणं गाळतात. त्यांचा गुलाबी रंगही त्या शेवाळातून आणि बारीक कोळंबीतूनच येतो. हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब हंस, थापट्या, तलवार बदक अशी मंडळी हिमालय ओलांडून येतात. दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची इथे नोंद आहे. १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा हा भाग जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. याच गोदावरीवर वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. तेही बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं पाणथळ. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पाणथळ जागा माणसाने केलेली असली तरी रामसर करार तिला पाणथळच मानतो. ते योग्यच आहे. पक्षी सातबारा बघून उतरत नाहीत.

हा झाला कागद. आता आईने सांगितलेलं.

गाव उठलं तेव्हा आई अकरा वर्षांची होती. बहात्तरच्या दुष्काळातून माणसं नुकती सावरत होती. आजीने त्या दुष्काळात खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. आणि आता पाणी येणार म्हणून घर सोडायचं. लोकांनी आपली माळवदाची घरं स्वतःच्या हातांनी उतरवली, कारण लाकूड मोलाचं होतं. तुळया, खांब, चौकटी बैलगाडीतून नव्या गावठाणात गेल्या. आमच्या मामाच्या घराची पुढची चौकट त्या जुन्या घराची आहे. लहानपणी मी तिच्यावर डोकं आपटून घेतलं होतं आणि "एवढी ठेंगणी चौकट कशाला?" म्हणून रडले होते. मारुतीची मूर्ती वाजतगाजत नेली. आजी जातं घेऊन गेली. विहीर मात्र तिथेच राहिली. नव्या जागी कितीतरी वर्षं टँकरची वाट बघावी लागली, तेव्हा आजी म्हणायची म्हणे, "गोड्या पाण्याची विहीर पाण्यात ठेवून आलो."

२०१६ च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं, तेव्हा मामा आईला तिकडे घेऊन गेला होता. भेगाळलेल्या गाळात देवळाचं जोतं दिसत होतं. आईने चपला काढून नमस्कार केला. मी त्या आठवड्यात ऑफिसच्या कामात होते. आईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी "अरे वा" म्हणून पुढच्या विषयावर गेले होते. आजी त्याआधीच गेली होती.

आता एक कबुली द्यायची आहे. आपल्या वर्गात पुनर्वसित गावठाणांतून येणारी सात-आठ मुलंमुली होती. त्यांची एसटी उशिरा यायची, प्रार्थना चुकायची आणि ती वर्गाबाहेर उभी राहायची. त्यांना आपण 'धरणवाले' म्हणायचो. आडनावाऐवजी तेच नाव पडलं होतं. मीही म्हणायचे. माझी आई त्यांच्यासारख्याच गावातली, हे मी कोणाला सांगितलं नाही. वडिलांचं घर पेठेत होतं, तेवढ्यावर माझं निभावलं. त्यांतले जे कोणी मेळाव्याला येतील, त्यांची मी इथे माफी मागते.

धरण नको होतं, असं मला म्हणायचं नाही. त्या पाण्यावर मराठवाडा जगतो, आणि आपल्या शेवगावच्या नळालाही तेच पाणी येतं. पण ज्यांच्या रानातून ते आलं, त्यांचा हिशेब मागे पडत गेला. धरणाचं उद्घाटन १९७६ चं आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदाही १९७६ चाच. म्हणजे आजीचं गाव उठलं तेव्हा हा कायदा नव्हता. खरं तर या प्रश्नाला आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने फार आधी वाचा फोडली होती. सेनापती बापट मूळचे पारनेरचे. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी धरणात जाऊ नयेत म्हणून ते सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. मुळशीचं धरण झालंच. पण 'विकासासाठी कोणी काय सोडायचं' हा प्रश्न त्यांनी पन्नास वर्षं आधी विचारून ठेवला होता.

करिबाची एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटली. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर हे दोन अभ्यासक १९५६ मध्ये, म्हणजे पाणी येण्याआधीच, टोंगा गावांत जाऊन राहिले. घरं, शेतं, नाती, देवस्थानं लिहून ठेवली. विस्थापनानंतरही अनेक दशकं ते त्याच कुटुंबांकडे जात राहिले. धरणाने माणसांचं नेमकं काय होतं, हे जगाला बऱ्याच अंशी त्या नोंदींतून समजलं.

अशी नोंद आपणही करू शकतो, आणि म्हणूनच हा लेख इथे लिहिला. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मगावाचा रकाना असतो. जुन्या दाखल्यांवर त्या गावांची नावं असणार. मुख्याध्यापकांच्या परवानगीने ती यादी काढता येईल. प्रत्येक गावातल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांशी बोलून आळ्या, विहिरी, देवळं, बाजाराचा वार, नदीचा उतार कुठे होता, हे लिहून घेता येईल. नकाशा करण्याचं काम माझं. तेवढं माझ्या शिक्षणात बसतं. गाव उठलं तेव्हा जे वीस वर्षांचे होते, ते आज सत्तरीपार आहेत. त्यामुळे हे पुढच्या मेळाव्यावर ढकलण्यासारखं नाही.

सुरुवात मी केली आहे. दिवाळीत आईला वही-पेन दिलं आणि गावाचा रस्ता काढायला सांगितलं. तिने आधी नदी काढली, मग देऊळ, मग आपलं घर, मग शेजारचं. विहिरीपाशी आली आणि थांबली. "उजवीकडे की डावीकडे, मामाला विचारायला हवं," म्हणाली. मामाला फोन लावला. दोघांचा अर्धा तास वाद झाला. वहीत सध्या दोन विहिरी आहेत.